कल्हई गेली, स्टील आले

सातारा-सांगली भागातल्या जुन्या घरांत माळ्यावर आजही एखादे पितळी घंगाळ, तांब्याचा बंब किंवा कल्हई उडालेले पातेले सापडते. खाली स्वयंपाकघरात मात्र सारा संसार स्टेनलेस स्टीलचा असतो. रुखवतात स्टील, शाळेच्या पोषण आहाराच्या ताटल्याही स्टीलच्या. दोन-तीन पिढ्यांत घडलेल्या या बदलामागचे रसायनशास्त्र आपण समजून घेतले, तर आज दुकानात कोणते भांडे निवडावे, याचेही उत्तर मिळते.

या बदलाच्या मुळाशी आहे आपल्या जेवणातला आंबटपणा. कृष्णाकाठच्या घरात ताक, कढी, चिंचेची आमटी ही रोजची. तांबे-पितळेच्या उघड्या पृष्ठभागावर आंबट पदार्थ राहिला की आम्ल आणि हवेतील ऑक्सिजन मिळून तांब्याचे क्षार तयार करतात. पदार्थ हिरवट, कडवट होतो. यालाच आपण ‘कळकणे’ म्हणतो. त्यावर उपाय होता कल्हईचा. कल्हईवाला भाता लावून भांडे तापवी, नवसागराने त्यावरचा ऑक्साइडचा थर काढी आणि कथील पसरवी. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते, म्हणून हे काम साध्या भट्टीवर होई. पण घासून घासून हा मुलामा झिजे आणि पुन्हा खर्च येई. पितळेचे भांडे एकदाच घ्यावे लागे, कल्हई मात्र जन्मभर करावी लागे.

लोखंडाचे काम वेगळे होते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये तेव्हाच्या औंध संस्थानात, म्हणजे आजच्या सांगली जिल्ह्यात, किर्लोस्करवाडी वसवली. तिथे ओतीव लोखंडाचे नांगर घडू लागले. नांगराला, भाकरीच्या तव्याला किंवा गुळाच्या काहिलीला लोखंड चालते, कारण ती सतत वापरात राहतात. ताकाच्या भांड्याला ते चालत नाही. लोखंडाचा गंज सच्छिद्र असतो. तो खालच्या धातूला झाकत नाही, त्यामुळे गंजणे आत आत चालूच राहते.

याच सुमारास युरोपात या प्रश्नाचे उत्तर मिळत होते. लोखंडात क्रोमियम मिसळले तर ते आम्लाला दाद देत नाही, हे फ्रान्सच्या बर्तिए यांनी १८२१ मध्येच नोंदवले होते. पण त्या मिश्रधातूत कार्बन फार राही आणि तो ठिसूळ होई. जर्मनीत क्रुप कारखान्यातील माउरर आणि श्ट्राउस यांच्या क्रोमियम-निकेलयुक्त पोलादाचे पेटंट १९१२ मध्ये घेतले गेले. इंग्लंडमधील शेफिल्डचे हॅरी ब्रिअर्ली बंदुकीच्या नळीसाठी टिकाऊ पोलाद शोधत होते. १९१३ मध्ये त्यांनी सुमारे १३ टक्के क्रोमियमचे पोलाद ओतले. त्याचा उपयोग त्यांनी ओळखला तो सुऱ्यांसाठी.

क्रोमियम नेमके काय करते? त्याचे प्रमाण सुमारे ११ टक्क्यांच्या वर गेले की पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा सलग, पारदर्शक पापुद्रा तयार होतो. त्याची जाडी मिलिमीटरच्या काही दशलक्षांश भागाइतकी असते. ओरखडा पडला तरी हवेतला ऑक्सिजन घेऊन तो पुन्हा जुळतो. थोडक्यात, ही स्वतःच स्वतःला होणारी कल्हई आहे! निकेलमुळे पोलाद लवचीक होते, म्हणून सपाट चकतीपासून खोल पातेले न फाटता दाबून काढता येते. निकेलमुळे गंजरोधही सुधारतो.

भारतात हे भांडे प्रथम आले ते श्रीमंतांचे म्हणून, कारण त्याचा पत्रा आयात होई. तमिळनाडूतील सेलमच्या सरकारी कारखान्यात १९८१ पासून पत्रा निघू लागला. क्रोमियमचे खनिज आपल्याकडे ओडिशातील सुकिंदा खोऱ्यात विपुल आहे. निकेल मात्र बाहेरून आणावे लागते आणि तेच महाग. मँगेनीज भरपूर आहे, अगदी आपल्या नागपूर-भंडाऱ्यात. तेव्हा निकेल कमी करून मँगेनीज वाढवलेले स्टील भांड्यांसाठी सर्रास वापरले जाऊ लागले. पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या भंडाऱ्याच्या मातीतला धातू असा स्टीलच्या ताटातही जाऊन बसला. स्टील स्वस्त झाले, आणि जुन्या कपड्यांच्या बदल्यात बोहारणीकडूनही मिळू लागले.

गोंधळ सुरू झाला तो इथेच. ‘३०४’ या प्रकारात सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. ‘२०२’ मध्ये निकेल ४ ते ६ टक्के आणि मँगेनीज ७.५ ते १० टक्के. त्याहून स्वस्त प्रकारांत निकेल जेमतेम १ टक्का असते आणि क्रोमियमही १५-१६ टक्क्यांवर येते. ‘४३०’ मध्ये निकेल जवळजवळ नसते, पण क्रोमियम १६ ते १८ टक्के असते.

‘लोहचुंबक चिकटला नाही की स्टील अस्सल’ ही बाजारातली परीक्षा इथे फसते. ३०४ ला चुंबक चिकटत नाही, तसा स्वस्त मँगेनीजच्या स्टीललाही चिकटत नाही. उलट ४३० ला तो घट्ट चिकटतो, तरी ते स्टेनलेसच असते. इंडक्शन शेगडीला तर असेच चुंबकीय बूड लागते. वर्गात हे सहज दाखवता येईल. १९८८ पासून काढलेले, गेंड्याचे चित्र असलेले २५ पैशांचे नाणे आता चलनात नाही, पण घराघरांत पडून आहे. त्याला चुंबक लावून पाहावा. तो चिकटतो, आणि नाणे स्टेनलेसचेच आहे! ३०४ च्या पातेल्याच्या दाबून वळवलेल्या काठालाही चुंबक किंचित ओढला जातो, कारण दाबामुळे तिथली स्फटिकरचना बदलते.

मग निवड कशी करावी? पाण्याचे पेले, डबे, ताटे यांना स्वस्त प्रकार पुरतो. आमटी, कढी, शाळेची खिचडी जिथे रोज शिजते, त्या भांड्यासाठी ३०४ चा आग्रह धरावा आणि तसे बिलावर लिहून घ्यावे. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांना आयएसआय चिन्ह बंधनकारक करणारा आदेश काढला. त्यामुळे चिन्ह आणि त्यासोबत ‘आयएस १४७५६’ हा मानक क्रमांक पाहावा. नुसती चकाकी ही पॉलिशची करामत असते.

दुसरी गोष्ट बुडाची. तांबे स्टीलच्या सुमारे २५ पट, तर अॅल्युमिनियम सुमारे १५ पट चांगले उष्णतावाहक आहे. पातळ स्टीलमध्ये ज्योतीखालचाच भाग तापतो आणि दूध तिथेच करपते. भांडी वजनावर विकली जातात, म्हणून पातळ भांडे स्वस्त वाटते. पण करपलेले अन्न आणि वाया गेलेला गॅस त्या बिलात नसतो. मोठ्या पातेल्याला जाड किंवा मध्ये अॅल्युमिनियमचा थर असलेले बूड घ्यावे.

शेवटी मीठ. मिठातले क्लोराइड त्या पापुद्र्याला छिद्रे पाडते. म्हणून मीठ उकळत्या पाण्यात टाकून ढवळावे आणि लोणचे चिनी मातीच्या बरणीतच ठेवावे. कल्हईवाला दारावर येईनासा झाला, पण धातू आणि आंबट-खारट यांचे भांडण मिटलेले नाही. ते आता आपण निवडलेल्या मिश्रधातूत चालू आहे. शाळेसाठी एकदा घेतलेल्या पातेल्यात शेकडो मुलांचे जेवण कित्येक वर्षे शिजते. ते घेताना चुंबक खिशात ठेवावा आणि दुकानदाराला स्टीलचा प्रकार विचारावा.