'वेस्ट टाउन' नेमकं कुणाचं?

चीनच्या युन्नान प्रांतात, दाली शहराच्या उत्तरेला, अरहाय तलावाच्या पश्चिम काठावर शिझोऊ नावाचं जुनं गाव आहे. मागे त्सांगशानचे डोंगर, पुढे शेतं, मग पाणी. तुम्ही तिथे गेलात तर वर-खाली निखारे ठेवून भाजलेली 'बाबा' नावाची जाड रोटी खाल आणि मग वाडे बघायला निघाल. तीन बाजूंना खोल्या, चौथ्या बाजूला उंच पांढरी भिंत. दुपारचं ऊन या भिंतीवर पडून घरात उजेड येतो. हे 'बाय' समाजाचं पारंपरिक घर, असं तुम्हाला सांगतील. बाय हा चीनमधला अधिकृत अल्पसंख्याक समाज, भाषाही स्वतःची.

आता गंमत बघा. हेच गाव मानववंशशास्त्राच्या एका गाजलेल्या पुस्तकात आहे, 'वेस्ट टाउन' या टोपणनावाने. तिथे ते ठरतं खास चिनी गाव!

झालं असं. जपानी आक्रमणामुळे चीनमधली विद्यापीठं पश्चिमेकडे सरकली. वूहानचं ह्वाझोंग विद्यापीठ 1939 मध्ये शिझोऊत आलं. तिथे शिकवता शिकवता फ्रान्सिस शू यांनी 1941 ते 1943 दरम्यान फील्डवर्क केलं आणि 1948 मध्ये 'अंडर द अँसेस्टर्स शॅडो' प्रसिद्ध झालं. पूर्वजपूजा, बाप-मुलाचं नातं, एकत्र कुटुंब या सगळ्यांतून त्यांनी चिनी समाजाचं चित्र उभं केलं. पण त्याआधीच, 1941 मध्ये, सी. पी. फिट्झजेराल्ड यांचं दालीवरचं पुस्तक आलं होतं. त्यात याच लोकांना (तेव्हाचं नाव मिन्जिया) वेगळा समाज मानलं होतं.

माझं शिक्षण सायन्सचं, त्यामुळे पहिला प्रश्न हाच पडला: सॅम्पलवर लेबल कुणी लावलं? एडमंड लीच यांनी 1982 मध्ये शू यांना याच मुद्द्यावर धरलं. (दोघंही मॅलिनोव्स्कींचे विद्यार्थी, म्हणजे घरचाच आहेर.)

शू यांची बाजूही ऐका. आमचे पूर्वज मध्य चीनमधून आले, असं गावकरीच सांगत होते. नानजिंगहून आल्याचं सांगणाऱ्या वंशावळी या भागात पुष्कळ आहेत. पुढे 1956 मध्ये दाली बाय स्वायत्त प्रीफेक्चरची स्थापना झाली, 'बाय' हे नाव अधिकृत झालं आणि त्याच घराण्यांतली माणसं स्वतःला बाय म्हणवू लागली. म्हणजे शू यांची नोंद खोटी नव्हती, ती 1940 च्या दशकातली होती. पण 'लोक स्वतःला चिनी म्हणतात' आणि 'म्हणून हे गाव चीनचं प्रतिनिधी आहे' हे दोन वेगळे दावे आहेत. पहिल्याला मुलाखती पुरतात. दुसऱ्याला इतर गावांशी तुलना लागते, आणि लीचचा आक्षेप मला तिथे पटतो.

हा पुरावा बघायला लायब्ररीच लागते असं नाही. वाड्यातल्या त्या पांढऱ्या भिंतीवर बऱ्याचदा चार चिनी अक्षरं असतात. यांग आडनावाच्या घरी त्यांचा अर्थ साधारण 'निष्कलंकपणा हाच घराण्याचा वारसा'. संदर्भ यांग झेन यांचा, रात्रीच्या अंधारात आणलेलं सोनं परत पाठवणाऱ्या हान राजवटीतल्या अधिकाऱ्याचा. भिंत बाय घराची, आणि तिच्यावर पूर्वज हान काळातला. फोटो काढाल तेव्हा दोन्ही एकाच फ्रेममध्ये घ्या, आणि वहीत तारीख लिहा.