पिसवेच्या पोटातील इतिहास

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत डॉ. व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले आणि काही महिन्यांत जवळजवळ निम्मी मुंबई गावोगाव पांगली. गिरण्यांना माणूस मिळेना. तेव्हा मालकांची माणसे नाक्यानाक्यावर उभी राहून एकमेकांवर चढ करीत मजूर उचलू लागली. रोजची मजुरी रोज हातावर पडू लागली. एरवी मागून न मिळणारी ही गोष्ट उंदरांनी मिळवून दिली!

सरकारची समजूत अशी की रोग घाणीत आणि गरिबाच्या अंगात आहे. १८९७ च्या साथरोग कायद्याखाली घरे झडली, माणसे वेगळी काढली, अंथरुणे जाळली. पुढच्याच वर्षी, २ जून १८९८ रोजी, कराचीत सिमाँ या फ्रेंच डॉक्टराला आजारी उंदराच्या पिसवा रोग नेतात हे दिसले. विद्वानांनी ते हसण्यावारी नेले. मुंबईत लिस्टन आणि १९०५ पासून परळच्या प्रयोगशाळेत काम करणारे प्लेग कमिशन यांनी ते सिद्ध केले. जमिनीपासून दोन इंचांवर ठेवलेल्या पिंजऱ्यातला गिनीपिग प्लेगने मेला. दोन फुटांवर टांगलेला जगला. पिसवेची उडी सुमारे चार इंचांची. चाळीत जमिनीवर कोण निजत होते, ते मी सांगावयास नको.

१९१४ मध्ये बॅकॉट व मार्टिन यांनी पिसवेच्या पोटात पाहिले. जठराच्या तोंडाशी काटेरी झडप असते. तेथे जंतू साचून बोळा बसतो. रक्त आत जात नाही. भुकेली पिसू पुन्हा पुन्हा चावते आणि अडलेले रक्त जंतूंसह जखमेत परत येते.

हा बोळा बसतो कशाने? १९९६ मध्ये हिनेबुश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जंतूची एचएमएस जनुके निकामी करून पाहिली. पिसवेत जंतू वाढले, पण बोळा बसला नाही. चिकट लेप घडविणारी जनुके तीच. २००२ मध्ये दुसरे जनुक, वायएमटी, समजले. त्यापासून होणारे विकर नसेल तर पिसवेच्या पोटात जंतू तगतच नाही. आणि हे जनुक त्याला बाहेरून मिळालेले! २०१५ मध्ये ब्राँझयुगातील माणसांच्या दातांतून प्लेगचा डीएनए काढला, तेव्हा जुन्या नमुन्यांत ते आढळले नाही. त्या काळी माणसे प्लेगने मरत होती. उंदराच्या पिसवेवर बसून गावोगाव फिरण्याची सोय मात्र रोगाला अजून झालेली नव्हती.