लसिकाग्रंथी-परीक्षा, त्वचाकर्करोगातील

त्वचेचा कर्करोग जवळच्या लसिकाग्रंथींत पसरला आहे का, हे ग्रंथी काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची तपासणी. टाचेत काटा मोडून पिकला की जांघेत अवधाण येते. तळपायावरच्या मेलानोमाच्या, म्हणजे त्वचेच्या रंगपेशींच्या कर्करोगाच्या, पेशीही लसिकावाहिन्यांच्या त्याच वाटेने वर सरकतात. भारतात हा रोग विरळा, पण होतो तेव्हा बऱ्याचदा तळपायावरच.

पूर्वी जांघेतल्या किंवा काखेतल्या सगळ्या ग्रंथी काढून टाकत. 1992 मध्ये अमेरिकी शल्यचिकित्सक डोनाल्ड मॉर्टन व सहकाऱ्यांनी वेगळी रीत प्रसिद्ध केली: मूळ गाठीभोवती निळा रंग टोचायचा आणि तो आधी जिथे उतरेल ती ‘प्रहरी’ ग्रंथी तेवढी काढायची. पुढे किरणोत्सारी टेक्नेशियमची जोड मिळाली.

खरी कसोटी प्रयोगशाळेत लागते. फॉर्मॅलिनमध्ये मुरलेली ग्रंथी चिरून पॅराफिनच्या ठोकळ्यात बसवतात आणि निरनिराळ्या पातळ्यांवर पातळ काप घेतात. हिमॅटॉक्सिलिन-इओसिन या नेहमीच्या रंगांनी न दिसलेल्या पेशी एस-100, एचएमबी-45, मेलान-ए, सॉक्स-10 या चाचण्यांत सापडतात. एस-100 सहसा काही निसटू देत नाही, पण ग्रंथीतल्या निरोगी पेशीही रंगवते. ग्रंथीच्या आवरणात कधीकधी साध्या तिळाच्या निरुपद्रवी पेशी असतात. त्यांना कर्करोग म्हणणे ही घोडचूक. शस्त्रक्रिया चालू असताना गोठवून काप पाहण्याची घाई टाळतात, कारण मोलाची ऊती वाया जाते.

प्रहरी ग्रंथीत रोग सापडला, तर उरलेल्या ग्रंथी काढाव्यात का? 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, 1,900 हून अधिक रुग्णांच्या चाचणीत लगेच त्या काढल्याने आयुष्य वाढले नाही. हातापायांची सूज मात्र 24.1 टक्के रुग्णांना आली. नुसत्या निरीक्षणाखाली ठेवलेल्यांत हे प्रमाण 6.3 टक्के होते.

महाराष्ट्रात त्वचाकर्करोगाच्या अभ्यासाचा धागा वसंत रामजी खानोलकरांपर्यंत जातो. मुंबईच्या टाटा रुग्णालयातील या विकृतिशास्त्रज्ञाने 1945 मध्ये धोतराच्या काचाने कमरेवर होणाऱ्या ‘धोती कॅन्सर’ची नोंद केली. हा स्क्वेमस पेशींचा कर्करोग. त्यात जांघेत गाठ हाताला लागली, तर आधी बारीक सुईने पेशी काढून पाहतात. या कर्करोगात प्रहरी ग्रंथी काढून पाहावी का, हे अजून पक्के ठरलेले नाही.

बेसल पेशींचा कर्करोग ग्रंथींत क्वचितच पोचतो. त्यात ही परीक्षा सहसा करत नाहीत.