जुन्या मित्राला दाखवावे असे पुणे

शिक्षणासाठी चार-सहा वर्षे पुण्यात राहून नंतर देशोदेशी पांगलेला मित्र वीस-पंचवीस वर्षांनी पुन्हा पुण्यात येतो, तेव्हा यजमानापुढे एक प्रश्न उभा राहतो. नव्या पाहुण्याला सिंहगड, पर्वती आणि आगाखान पॅलेस दाखवले की भागते. जुन्या मित्राला मात्र, आपण सोडून गेलेले शहर कितपत शिल्लक आहे, हे पाहायचे असते. त्यासाठी पेठांतून पायी फिरण्यासारखा दुसरा मार्ग नाही.

कसब्यापासून आरंभ

पेठांत वाहन घेऊन जाणे म्हणजे अर्धा दिवस जागा शोधण्यात घालवणे. २९ सप्टेंबर २०२४ रोजी जिल्हा न्यायालय ते स्वारगेट ही भुयारी मेट्रो सुरू झाल्यापासून कसबा पेठ स्थानकावर उतरून चालू लागणे सोयीचे झाले आहे. पहिले दर्शन ग्रामदैवत कसबा गणपतीचे. तेथून लाल महाल जवळच आहे. शिवरायांनी १६६३ मध्ये शाहिस्तेखानावर छापा घातला तो याच परिसरात. मात्र सध्याची वास्तू महापालिकेने बांधली असून ती १९८८ मध्ये पूर्ण झाली, हे पाहुण्याला सांगून ठेवावे.

पुढे शनिवारवाडा. थोरल्या बाजीरावांनी १० जानेवारी १७३० रोजी त्याची पायाभरणी केली. १८२८ च्या आगीत आतील इमारती भस्मसात झाल्या. उरले ते तट, बुरूज, दिल्ली दरवाजा आणि जोती. कॉलेजच्या दिवसांत ज्या पटांगणात गप्पांचे फड रंगले, त्याचा हा इतिहास अनेकांना तेव्हा ठाऊकच नसतो.

जे उरले नाही ते

शिवाजी रस्त्याने दक्षिणेकडे निघाल्यावर दगडूशेठ गणपती मंदिराशी थांबावे लागते. दर्शनाइतकेच महत्त्व येथे समोरच्या बाजूला आहे. महात्मा फुले आणि सावित्रीबाईंनी १८४८ मध्ये मुलींची शाळा सुरू केली तो भिडेवाडा येथे होता. दीर्घकाळ न्यायालयीन वादात अडकलेला आणि मोडकळीस आलेला हा वाडा राष्ट्रीय स्मारकासाठी डिसेंबर २०२३ मध्ये पाडण्यात आला. जुन्या मित्राने येथून शेकडो वेळा ये-जा केलेली असते. क्वचितच त्याने मान वर करून पाहिलेले असते. यजमानाचीही गोष्ट बहुधा वेगळी नसते. म्हणूनच ही जागा टाळून पुढे जाऊ नये.

तुळशीबाग, मंडई आणि संग्रहालय

लक्ष्मी रस्ता ओलांडला की तुळशीबाग. भांडी आणि बांगड्यांच्या गर्दीआड पेशवाईतले राममंदिर आहे. त्याचे काम १७६१ मध्ये सुरू झाले. खरेदीसाठी वर्षानुवर्षे येणाऱ्या कित्येकांनी ते पाहिलेले नसते. पलीकडे बाजीराव रस्त्यावर दुसऱ्या बाजीरावाचा विश्रामबागवाडा उभा आहे. त्याचे लाकडी सुरूदार खांब आणि कोरीव सज्जा निवांत पाहावा.

मंडईची अष्टकोनी इमारत १८८६ मध्ये खुली झाली. तिला तेव्हाच्या गव्हर्नरांचे, लॉर्ड रे यांचे नाव होते. नगरपालिकेचे सभासद असताना या खर्चाला विरोध करून तो पैसा शिक्षणाकडे वळवावा, असे म्हणणाऱ्या जोतीराव फुल्यांचेच नाव पुढे तिला मिळाले. भिडेवाडा पाहून आलेल्याला ही हकिकत अधिक भिडते.

शेवट राजा दिनकर केळकर संग्रहालयात करावा. दिनकर केळकरांनी अकाली निवर्तलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या, स्मरणार्थ हा संग्रह उभा केला आणि १९७५ मध्ये तो राज्य शासनाच्या स्वाधीन केला. दिवे, अडकित्ते, वाद्ये, दारे अशा वस्तूंतून मोडलेल्या घरांचा संसार येथे टिकून आहे. कोथरूडहून आणून पुन्हा उभारलेला मस्तानी महालही येथेच आहे.

थोडा वेळ राखून

एवढ्या फेरीला एक सकाळ पुरते. संग्रहालय सावकाश पाहायचे तर दुपार होते. तरीही तासभर मोकळा ठेवावा आणि त्या वेळी वाट दाखवण्याचे काम मित्राकडे द्यावे. तो आपली जुनी खोली, खाणावळ किंवा वाचनालय शोधील. तेथे आता बहुधा नवी इमारत असेल. त्या जागी पूर्वी काय होते, हे तो सांगू लागला की यजमानाला आपल्याच शहराची नवी माहिती मिळते.