लिस्बनची वाट

मुंबई आणि लिस्बन यांमधील हवाई अंतर सुमारे ८,००० किलोमीटर आहे. आजच्या जेट विमानाच्या वेगाने हे जेमतेम दहा तासांचे काम. वाटेत विमान बदलावे लागले, तरी कोपरीहून निघालेला प्रवासी दुसऱ्या दिवशी लिस्बनला पोहोचलेला असतो. ठाण्याच्या खाडीकाठी १७३७ पर्यंत पोर्तुगीजांचा अंमल होता. आपल्या अनेक कुटुंबांची आडनावे आजही त्याची साक्ष देतात. आपल्या श्रद्धेचा इतिहास ज्या वाटेने आला, ती वाट तेव्हा किती लांब होती?

जहाजांना सरळ मार्ग नव्हता. अनुकूल वाऱ्यासाठी ब्राझीलच्या दिशेने मोठा वळसा घेऊन, आफ्रिकेचे दक्षिण टोक ओलांडून गोव्याला यावे लागे. सारा प्रवास मोसमी वाऱ्यांच्या हाती असे. लिस्बन साधारणतः मार्च-एप्रिलमध्ये सोडले, तरच पुढे नैर्ऋत्येचा वारा साथ देई. तो हुकला, की मोझांबिकला मुक्काम ठरलेला. संत फ्रान्सिस झेवियर ७ एप्रिल १५४१ रोजी निघाले आणि ६ मे १५४२ रोजी गोव्यास उतरले. तेरा महिने लागले!

फादर थॉमस स्टीफन्स त्या मानाने भाग्यवान. ४ एप्रिल १५७९ रोजी निघून ते २४ ऑक्टोबरला, म्हणजे २०३ दिवसांनी, गोव्यास पोहोचले. वडिलांना लिहिलेल्या पत्रात ते सांगतात, की जहाजावर दीडशेहून अधिक माणसे आजारी पडली आणि सत्तावीस दगावली. तरीही जाणत्यांना ही हानी थोडीच वाटली.

पत्रांचा प्रवास याहून करुण होता. संत इग्नेशियस यांनी २८ जून १५५३ रोजी झेवियर यांना युरोपात परत बोलावणारे पत्र लिहिले. त्यांचा हा लाडका सोबती चीनच्या किनाऱ्याजवळील सांचियन बेटावर ३ डिसेंबर १५५२ रोजीच देवाघरी गेला होता. जवळजवळ सात महिने लोटले, तरी रोमला त्याची वार्ता नव्हती. सोबत्यांच्या पत्रांवरील सह्या कापून झेवियर त्या गळ्यात बाळगत, याचा अर्थ अशा वेळी उमगतो.

पुढे १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि आगबोटींनी महिन्यांचे आठवडे केले. ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे ‘मलबार प्रिन्सेस’ विमान मुंबईहून कैरो व जिनिव्हामार्गे लंडनला झेपावले. डिसेंबर १९६४ मध्ये पोप सहावे पॉल आंतरराष्ट्रीय युकॅरिस्टिक काँग्रेससाठी विमानानेच मुंबईत आले. ज्या वाटेला झेवियर यांचे वर्ष गेले, ती आता तासांवर आली होती.

मात्र त्या दीर्घ वाटेने आपल्याला एक देणे दिले. परतीची वाट इतकी दुस्तर, की आलेला माणूस बहुधा इथलाच होई. स्टीफन्स १६१९ मध्ये गोव्यातच निवर्तले. त्या चाळीस वर्षांत त्यांनी इथली भाषा आत्मसात केली आणि १६१६ मध्ये मराठीला ‘ख्रिस्तपुराण’ दिले. ते ग्रंथकार्य मुक्कामाचे फळ होते.

आज आपली मुलेबाळे आखातात, कॅनडात, ऑस्ट्रेलियात आहेत. फोनवर त्यांचा चेहरा क्षणात दिसतो, विमान एका दिवसात घरी आणते. तरी येणारी सुट्टी पंधरा दिवसांची, आणि आईवडिलांचे दिवस मोजकेच. अंतर यंत्रांनी कमी केले. सहवासासाठी वेळ मात्र आपला आपणच काढायचा आहे.