वैद्याच्या खोलींतील मुका सोबती

मुलाच्या हातीं एखादें मुकें जनावर सोंपविलें असतां त्याच्या मनाला वळण लागतें, हा विचार जुना आहे. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक ह्यानें १६९३ सालच्या आपल्या शिक्षणविषयक ग्रंथांत एका सुज्ञ मातेचा दाखला दिला आहे. मुलींनीं कुत्रीं, खारी किंवा पांखरें मागितलीं कीं ती तीं त्यांना घेऊं देई. परंतु त्यांच्या निगेंत हयगय झाली, तर तो मोठा अपराध मानला जाई व पुष्कळदां तें जनावरही गमवावें लागे. प्राण्यांना छळण्याची संवय जडली म्हणजे माणसांविषयींही मन कठोर होतें, असा लॉकचा अभिप्राय होता. पुढें १७९६ सालीं विल्यम ट्यूक ह्या क्वेकर गृहस्थाच्या पुढाकारानें यॉर्क येथें मनोरुग्णांसाठीं ‘रिट्रीट’ ही संस्था उघडली. अन्यत्र अशा रुग्णांना साखळदंड घालीत, तेव्हां येथील अंगणांत ससे व कोंबड्या त्यांच्या सोबतीस असत.

बालमानसचिकित्सेंत मात्र ह्या विचाराचा प्रवेश झाला तो विसाव्या शतकांत, आणि तोही योगायोगानें. न्यूयॉर्क येथील मानसशास्त्रज्ञ बोरिस लेव्हिन्सन ह्यांच्याकडे एक आई आपल्या मुलाला घेऊन ठरल्या वेळेच्या बऱ्याच आधीं आली. मुलगा स्वतःतच मिटत चालला होता. दीर्घ उपचार व्यर्थ गेले होते, आणि त्याला रुग्णालयांत ठेवावें, असा सल्ला मिळाला होता. लेव्हिन्सन ह्यांचा जिंगल्स नांवाचा कुत्रा एरव्हीं अशा वेळीं खोलींत नसे. त्या दिवशीं तो धांवत जाऊन मुलाला चाटूं लागला. मुलगा भ्याला नाहीं. त्यानें कुत्र्याला कवटाळलें, आणि पुन्हां त्याच्याशीं खेळावयास येण्याची इच्छा दर्शविली. कित्येक भेटींत तो केवळ कुत्र्याशींच खेळला. हळूहळू त्या खेळांत वैद्यालाही स्थान मिळालें व खरा उपचार सुरू झाला.

१९६१ सालीं लेव्हिन्सन ह्यांनीं हा अनुभव अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या सभेंत मांडला, तेव्हां त्यांची थट्टा झाली; फीचा किती हिस्सा कुत्र्याला देतां, असाही प्रश्न आला. ते डगमगले नाहींत. १९६२ सालीं त्यांचा लेख व १९६९ सालीं ग्रंथ प्रसिद्ध झाला. पुढें १९८३ सालच्या एका प्रयोगांत असें आढळलें कीं, स्नेहाळ कुत्रा जवळ असतां मुलांचा रक्तदाब कमी राहतो, मग तीं स्वस्थ बसलेलीं असोत वा मोठ्यानें वाचीत असोत.

ह्याचें मर्म साधें आहे. जनावर प्रश्न विचारीत नाहीं, चुका काढीत नाहीं, गुपित फोडीत नाहीं. दुखावलेलें मूल प्रथम विश्वास ठेवतें तें अशा सोबत्यावर; माणसावर नंतर. तथापि जनावर म्हणजे रामबाण औषध नव्हे. ह्या विषयावरील पुढील संशोधनाचे निष्कर्ष सर्वत्र सारखे नाहींत, आणि लेव्हिन्सन ह्यांनींही कुत्र्याला सहचिकित्सकच म्हटलें, चिकित्सक नव्हे. लॉकनें वर्णिलेल्या मातेची अटही आजपर्यंत खरी ठरली आहे: ज्याच्याकडून माया घ्यावयाची, त्याची निगाही राखली पाहिजे.