गतकाळाची गोडी आणि सुरीची धार

इतिहासाच्या अभ्यासकानें हलक्याफुलक्या चित्रपटांकडे वळावें, हें कित्येकांस गौण वाटेल. तथापि लोकांस आपला गतकाळ कसा आठवावासा वाटतो हें पाहावयाचें असल्यास, दप्तरखान्यापेक्षां करमणुकीचीं साधनेंच कधीं कधीं अधिक प्रामाणिक साक्ष देतात. अमेरिकेंत अलीकडे निघालेलीं कालप्रवासाचीं खूनप्रहसनें हें त्याचें एक बोलकें उदाहरण आहे.

या प्रकाराचीं कुळें दोन. 1978 सालीं जॉन कार्पेंटर यांनीं सुमारें सव्वातीन लक्ष डॉलरांत ‘हॅलोविन’ काढला. 1980 मध्यें ‘फ्रायडे द थर्टीन्थ’ आला. आणि मग मुखवटा घालून, सुरी परजीत तरुणतरुणींच्या पाठीस लागणाऱ्या खुन्यांची रांगच पडद्यावर लागली. अशा चित्रपटांस इंग्रजींत ‘स्लॅशर’ म्हणतात. दुसरें कुळ 1985 च्या ‘बॅक टु द फ्यूचर’चें. त्यांतील मुलगा 30 वर्षें मागें, 1955 च्या नोव्हेंबरांत जातो व आपल्याच वयाच्या आईबापांस भेटतो. तेथील गांव स्वच्छ, माणसें भोळीं. परंतु त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें मिसिसिपी संस्थानांत एमेट टिल या 14 वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाचा वर्णद्वेषानें खून झाला, आणि डिसेंबरांत माँटगोमेरीस रोझा पार्क्स यांना बसमधील जागा गोऱ्या उतारूस न दिल्याबद्दल अटक झाली. या दोन घटनांच्या मधोमध उभें असलेलें पडद्यावरचें तें गांव मात्र निश्चिंत आहे.

मौज अशी कीं, हीं दोन कुळें एकत्र आलीं तेव्हां या विस्मृतीवर थोडा उतारा मिळाला. 2023 सालच्या ‘टोटली किलर’मध्यें, 1987 च्या ऑक्टोबरांत तीन मुलींचे खून पाडणारा मुखवटाधारी 35 वर्षांनीं परतून त्यांच्या चौथ्या मैत्रिणीस ठार करतो. तिची मुलगी कालयंत्रांतून 1987 सालांत जाते. मुलीस जिवापाड जपणारी आपली आई त्या काळीं सोबतिणींची टोळी जमवून इतरांस छळीत असे, हें तिला तेथें दिसतें. शाळेंत कोणी अनोळखी शिरला तरी त्याला हटकीत नाहींत; थट्टा म्हणून जें खपतें, तें ऐकून ती थक्क होते. हंशा पिकतो तो यांतूनच. आणि हंसतां हंसतां प्रेक्षकाच्या ध्यानीं येतें कीं, ‘आमच्या वेळीं असें नव्हतें’ हें वाक्य खरें असलें, तरी तें नेहमींच स्तुतिपर नसतें.

अर्थात् या सुरीलाही मर्यादा आहे. प्रहसनांत गतकाळाचें सारें भय एका मुखवट्यामागें कोंडतां येतें व शेवटीं तो मुखवटा ओढून काढतां येतो. 1987 सालच्या खऱ्या भयांस असा चेहरा नव्हता. एड्सची साथ माणसें नेत होती; 19 ऑक्टोबर रोजीं न्यूयॉर्कच्या शेअरबाजाराचा डाऊ जोन्स निर्देशांक एका दिवसांत 22.6 टक्क्यांनीं कोसळला. त्यांचा खुनी कोणास पकडून दाखवावा?

मग गतकाळाची ही ओढ खोटीच काय? तसें म्हणवत नाहीं. ‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्यानें 1688 सालीं बाझेल येथील आपल्या प्रबंधांत घडविला. ‘घरीं परतणें’ व ‘वेदना’ या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांचा तो समास आहे. तें दुखणें तेव्हां स्थळाचें होतें, पुढें काळाचें झालें. आणि ‘द फायनल गर्ल्स’ (2015) पाहतां तें मुळांत माणसाचेंच असावें असें वाटतें. त्यांतील मुलीची नटी असलेली आई मोटारीच्या अपघातांत वारलेली आहे. आईनें 1986 सालीं काम केलेल्या एका कल्पित खूनपटांत ती मुलगी शिरते, आणि तिची आई पात्ररूपानें, ऐन तारुण्यांत, तिच्यासमोर उभी राहते. परंतु त्या पात्राचें मरण कथेंत आधींच लिहिलेलें आहे. मुलीला आईस वांचवितां येत नाहीं. मागें राहून गेलेला निरोप मात्र घेतां येतो.

इतिहासाचें कार्यही याहून फारसें निराळें नाहीं. आपल्या वडीलधाऱ्यांचा काळ परत आणणें आपल्या हातीं नाहीं, आणि त्या काळच्या सुरीला धार नव्हती असें सांगणें ही त्यांची सेवा नव्हे. तीं माणसें होतीं तशींच पाहावीं, आणि तशीं पाहूनही त्यांच्यावर प्रेम करतां यावें, एवढें साधलें तरी पुरे.